वाफेने लाकूड वाकविणे

मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी उपाहारगृहांत एका विशिष्ट घडणीची खुर्ची पहावयास मिळते. तिची बैठक गोल असते. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून लाकडाचा एकच अखंड दांडा असतो. तो एका पायापासून निघून वर चढतो, पाठीशी गोल वळण घेतो आणि दुसऱ्या पायाच्या रूपाने खाली उतरतो. या वळणात कोठेही सांधा नसतो. पॉलिश झिजलेल्या जागी बारकाईने पाहिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते : लाकडाच्या अंगच्या रेषादेखील दांड्याबरोबर वळलेल्या असतात. अर्थात हा आकार करवतीने कापून काढलेला नव्हे. सरळ दांडाच वाकविलेला आहे.

आता एखादी सुकी, सरळ काठी गुडघ्यावर टेकवून वाकवून पहावी. ती थोडी लवते. हात सैल सोडताच पुन्हा सरळ होते. आणि जोर वाढविला तर कडकन मोडते. मग खुर्चीचा तो जाड दांडा न मोडता वळला कसा, आणि वळल्यानंतर तसाच राहिला कसा? या दोन प्रश्नांचा उलगडा येथे करावयाचा आहे. त्याबरोबरच घरी अथवा शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात हे काम कसे करावे, तेही सांगावयाचे आहे. उलगडा आधी आणि कृती मागाहून, हा क्रम हेतुपूर्वक ठेविला आहे. हे काम बिघडते ते बहुधा हाताच्या चुकीने नव्हे, तर लाकडाच्या अंगी काय चालले आहे ते न कळल्यामुळे.

कापलेले वळण आणि वाकविलेले वळण

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने एकमेकींना चिकटलेल्या असंख्य सूक्ष्म नलिकांची जुडी होय. या नलिकांनाच आपण व्यवहारात तंतू म्हणतो. तंतूंच्या दिशेने लाकूड अतिशय बळकट असते. त्यांच्या आडव्या दिशेने ते सहज दुभंगते. सरपण फोडताना कुऱ्हाड उभी कां घालतात, हे सर्वांस ठाऊक आहे.

सरळ फळीतून करवतीने अर्धवर्तुळ कापून काढले, तर वळणावर हे तंतू जागोजाग तुटतात. वळणाच्या काही भागांत तर ते दांड्याला आडवेच जातात आणि तेथे तो थोड्याशा भारानेही मोडतो. बैलगाडीचे चाक करणारा सुतार ही अडचण निराळ्या रीतीने टाळतो. चाकाचा घेर तो एकाच लाकडाचा करीत नाही. बाभळीसारख्या चिवट लाकडाचे थोडथोड्या वळणाचे आखूड तुकडे कापून ते आऱ्यांवर बसवितो, आणि वरून तापलेली लोखंडी धाव चढवून सर्वांना आवळून टाकतो. ही युक्ती चाकाला उत्तम शोभते. पण प्रत्येक खुर्चीला लोखंडी धाव चढविता येत नाही. वाकविलेल्या लाकडात मात्र तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. म्हणून बोटभर जाडीची कमानही माणसाचा भार सहन करते.

उष्णतेने काय होते

तंतूंच्या भिंती मुख्यतः तीन द्रव्यांच्या बनलेल्या असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सिमेंट काँक्रीटच्या तुळईत पोलादी सळया ताण सोसतात आणि सभोवतालचे काँक्रीट त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. लाकडात सेल्युलोजचे काम सळयांचे आहे. लिग्निनचे काम पुष्कळसे काँक्रीटचे आहे. भेद इतकाच की काँक्रीट तापविल्याने मऊ होत नाही, आणि लिग्निन होते.

ओलसर लाकडातील लिग्निन पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आसपास, म्हणजे सुमारे ८० ते १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते. अगदी कोरड्या लाकडात त्याला मऊ होण्यास याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते, आणि तितके तापमान गाठेपर्यंत लाकूड करपण्याचा धोका असतो. म्हणून ओलावा आणि उष्णता दोन्ही हवीत. लिग्निन मऊ असताना तंतू एकमेकांवरून किंचित सरकू शकतात आणि त्यांच्या भिंती चुरगळून आखूड होऊ शकतात. लाकूड थंड होऊन सुकले की लिग्निन पुन्हा ताठरते, आणि सरकलेले तंतू नव्या जागी पक्के होतात. खुर्चीची कमान सरळ होत नाही ती यामुळेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाफेमुळे लाकडात पाणी मुरते आणि त्या पाण्याने ते मऊ होते, असे पुष्कळांस वाटते. तासभराच्या वाफेने आतपर्यंत पाणी मुरत नाही. वाकण्यास उपयोगी पडणारा ओलावा लाकडात आधीपासूनच असावा लागतो. वाफेचे खरे काम लाकडाला न सुकविता तापविण्याचे आहे. विस्तवाच्या कोरड्या धगीने लाकूड तापते खरे, पण त्याच वेळी त्यातील ओलावा उडून जातो.

वाफ हे काम जलद करते, त्याचेही कारण आहे. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ निवून त्याच तापमानाचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. तेच एक ग्रॅम पाणी पुढे १०० वरून ४० अंशांपर्यंत निवताना फक्त ६० कॅलरी देते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक खोल भाजतो तो याच कारणाने. हा आकडा पेटी उघडताना आठवावा.

त्रेसष्ट मिलिमीटरांचा हिशेब

आता या विषयाचे मर्म पाहू. २० मिलिमीटर जाडीचा दांडा अर्धवर्तुळाकार वाकवावयाचा आहे आणि आतल्या बाजूची त्रिज्या २०० मिलिमीटर हवी आहे, असे समजा. आतल्या कडेची लांबी होईल ३.१४ गुणिले २००, म्हणजे ६२८ मिलिमीटर. बाहेरच्या कडेची त्रिज्या २२०, म्हणून तिची लांबी ६९१ मिलिमीटर. दांडा सरळ असताना दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या होत्या. आता त्यांत ६३ मिलिमीटरांचा फरक पडला. हा फरक आणावयाचा कोठून?

नुसताच जोर लावला, तर दांडा हा फरक दोन्ही बाजूंत वाटून घेऊ पाहतो. मधली रेषा ६६० मिलिमीटर राहते. आतली बाजू साधारण ३१ मिलिमीटरांनी आखडते आणि बाहेरची तितकीच ताणली जाते. ३१ मिलिमीटर म्हणजे मूळ लांबीच्या सुमारे ४.७ टक्के. वाफविलेले लाकूड तंतूंच्या दिशेने एक ते दोन टक्क्यांहून अधिक ताण सहन करीत नाही. म्हणून बाहेरच्या अंगाची एक ढलपी उचलली जाते, तिच्याखाली दुसरी, आणि पाहता पाहता दांडा फाटतो. तो अधिक वेळ वाफवून भागत नाही. सेल्युलोजच्या सळया वाफेने लांब होत नाहीत.

परंतु हेच लाकूड दाबाखाली अगदी निराळे वागते. वाकविण्यास योग्य जातीचे लाकूड नीट वाफविले असता लांबीच्या दिशेने २५ ते ३० टक्क्यांपर्यंत आखडू शकते. ताण सहन होतो दोन टक्के, दाब सहन होतो पंचवीस टक्के! तेव्हा बाहेरची बाजू मुळीच लांब होऊ न देता सर्व ६३ मिलिमीटर आतल्या बाजूने आखडून घ्यावयाचे, हाच उपाय उरतो. ६९१ मधून ६३ म्हणजे ९.१ टक्के, लाकडाला हे सहज झेपते.

थोनेटचा पट्टा

बाहेरची बाजू लांब होऊ द्यावयाची नाही म्हणजे काय करावयाचे, याचे व्यवहारी उत्तर मिखाएल थोनेट या जर्मन सुताराच्या नावाशी निगडित आहे. त्याचा जन्म १७९६ साली ऱ्हाईन नदीकाठच्या बॉपार्ड गावी झाला. आरंभी त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकावर एक ठेवून साच्यात वाकविल्या. पट्टी पातळ असली की आत-बाहेरचा फरकही थोडा राहतो, हे वरील हिशेबावरून उघड आहे. पण अशी रचना सरसाच्या सांध्यांवर विसंबून असते, आणि सरस दमट हवेत दगा देतो. १८४२ मध्ये थोनेट व्हिएन्नास गेला. अखंड लाकूड वाफेने वाकविण्याच्या पद्धतीचा एकाधिकार त्यास १८५६ साली मिळाला. लवकरच मोराव्हियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, कोरिचानी या बीच वृक्षांच्या वनांजवळच्या गावी त्याचा कारखाना सुरू झाला.

त्याची युक्ती ऐकावयास फार साधी आहे. दांड्याच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टा लावून तो दोन्ही टोकांशी घट्ट जखडावयाचा आणि मग दांडा पट्ट्यासकट वाकवावयाचा. पोलाद लांबत नाही. म्हणून त्याला जखडलेले लाकूडही लांबत नाही. ते आतल्या बाजूने आखडते. वाफ आणि साचा यांचा उपयोग त्याच्या पूर्वीच्या कारागिरांनाही, विशेषतः नावा बांधणाऱ्यांना, ठाऊक होता. जाड दांड्याचे घट्ट वळण कारखान्यात हजारोंनी काढणे साधले ते या पट्ट्यामुळे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८५९ साली निघालेली त्याची १४ क्रमांकाची खुर्ची लाकडाच्या सहा भागांची होती; जोडणीस दहा स्क्रू आणि दोन नट पुरत. सुटे भाग केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्याचे सांगतात. थोनेट १८७१ साली वारला. त्याचा एकाधिकार त्यापूर्वीच, १८६९ मध्ये संपला होता आणि इतर कारखानदारही अशा खुर्च्या करू लागले होते.

भारतात ही विद्या फर्निचरपेक्षा क्रीडासाहित्यात अधिक रुजली. हॉकीच्या लाकडी काठीचे वाकडे टोक तुतीच्या लाकडाचे असते, आणि ते वाफवूनच वळवितात. फाळणीपूर्वी या धंद्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील पुष्कळ कारागीर जालंदरला येऊन स्थायिक झाले. आज मोठ्या सामन्यांत कृत्रिम तंतूंच्या काठ्या वापरतात. तरी लाकडी काठी हातात आल्यास तिच्या वळणावरील रेषा अवश्य पाहाव्यात.

लाकडाची निवड

सर्वच लाकडे सारखी वाकत नाहीत. समशीतोष्ण प्रदेशातील रुंद पानांचे वृक्ष, उदाहरणार्थ बीच, ॲश, ओक, एल्म, अक्रोड आणि तुती, या कामी उत्तम. उष्ण कटिबंधातील लाकडे सामान्यतः त्यांच्या खालोखाल येतात. सागवान मध्यम प्रतीचे आहे. देवदार, चीड यांसारखी सूचिपर्णी वृक्षांची लाकडे घट्ट वळणास योग्य नाहीत. आपल्याकडे नवशिक्याने तुती मिळवावी हे बरे. ती न मिळाल्यास गावातील सुताराला चिवट म्हणून ठाऊक असलेल्या लाकडाचे दोन-तीन तुकडे घेऊन आधी परीक्षा पाहावी.

जातीपेक्षाही तुकड्याची निवड महत्त्वाची. त्यात गाठ नको, चीर नको, कीड नको. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन कडेबाहेर निघाल्या, की नेमकी तेथे ढलपी उचलते. अशी सरळ रेषा करवतीने कापलेल्या फळीपेक्षा पाचर ठोकून फोडलेल्या लाकडात अधिक खात्रीने मिळते. तुकडा रंध्याने गुळगुळीत करून त्याच्या धारदार कडा थोड्या मारून घ्याव्यात.

ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असावा. भट्टीत कडक सुकविलेले लाकूड टाळावे. हवेत मुरलेले लाकूड घ्यावयाचे झाल्यास ते काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावे. अगदी ताज्या, पाणी निथळणाऱ्या लाकडाचाही घट्ट वळणास उपयोग नाही. नलिकांत कोंडलेले पाणी दाबाखाली त्यांच्या भिंती फोडते. ओलावा मोजणे शाळेच्या प्रयोगशाळेत अवघड नाही. त्याच लाकडाचा लहान तुकडा तोलावा, १०३ अंशांच्या आसपास वजन घटेनासे होईपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. ६२ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम भरला, तर १२ ग्रॅम पाणी गेले. ५० शी त्याचे प्रमाण २४ टक्के.

वाफेची पेटी

साध्या फळ्यांची, आतून १० सेंटिमीटर रुंद, तितकीच उंच आणि सुमारे एक मीटर लांब अशी पेटी करावी. एका टोकास फळी ठोकावी. दुसऱ्या टोकास उघडझाप करता येईल असे सैल दार ठेवावे. आत लाकडाच्या आडव्या काड्या बसवाव्यात, म्हणजे तुकडा त्यांवर राहून वाफ चहूबाजूंनी खेळेल. पेटी किंचित उतरती ठेवून खालच्या टोकाशी पाणी गळून जाण्यास भोक पाडावे. प्लॅस्टिकचा नळ या कामी घेऊ नये. तो वाफेने मऊ होऊन खचतो.

पाण्यासाठी झाकणाचा पत्र्याचा मोठा डबा आणि त्यातून पेटीत जाणारी रुंद, उष्णता सहन करणारी नळी पुरते. पाण्यात प्रत्यक्ष पोहोचणारी उष्णता दीड किलोवॉट असेल, तर तासाला सुमारे २.४ लिटर पाण्याची वाफ होते. म्हणून डब्यात निदान पाच लिटर पाणी असावे. मध्येच भर घालावी लागल्यास ते पाणी उकळते असावे. थंड पाण्याने वाफ बंद पडते आणि गेलेली वेळ पुन्हा मोजावी लागते.

या साऱ्या रचनेत वाफेला बाहेर पडण्याचा मार्ग सदैव मोकळा असला पाहिजे. दाराच्या फटी कोंबून बंद करू नयेत. भोक बुजवू नये. आपणांस दाब नको आहे, केवळ तापमान हवे आहे. १० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या दारावर दर चौरस सेंटिमीटरला एकच किलोग्रॅम जादा दाब पडला, तरी एकूण भार १०० किलोग्रॅम होतो, आणि ते दार तोफगोळ्यासारखे सुटते. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिटी काढून तेथे नळी बसविण्याचा मोह होईल, तो आवरावा. विद्यार्थ्यांनी हे काम शिक्षकांच्या अथवा वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. जाड हातमोजे घालावेत आणि दार उघडताना चेहरा बाजूस ठेवावा.

वाफविण्याचा वेळ जाडीवर ठरतो : दर २५ मिलिमीटर जाडीस एक तास, आणि तोही पेटी पुरती तापून दाराच्या फटीतून जोराने वाफ येऊ लागल्यापासून मोजावयाचा. उंच प्रदेशातील वाचकांनी थोडा अधिक वेळ द्यावा. महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५ ते ९६ अंशांवर उकळते. लेह येथे ९० अंशांच्याही आधी.

पहिला तुकडा

आरंभ खुर्चीच्या पाठीच्या आडव्या पट्टीने करावा. पट्टी १२ मिलिमीटर जाड, ६० मिलिमीटर रुंद आणि ५०० मिलिमीटर लांब असावी. साचा ४५० मिलिमीटर त्रिज्येचा घ्यावा. येथे बाहेरची बाजू पट्ट्यावाचूनही फक्त १.३ टक्के ताणली जाते. म्हणजे आपण मर्यादेच्या आत आहोत. जाड फळ्या एकावर एक जोडून साच्याचा बाक कापावा आणि तो मजबूत पाटावर स्क्रूने बसवावा. शिकंजे उघडून, हाताशी मांडून ठेवावेत. थंड तुकडा साच्याशी धरून सर्व हालचालींची एकदा रंगीत तालीम करावी. ही सूचना अनावश्यक वाटेल. पण पेटीतून काढलेला तुकडा एका मिनिटात ताठरू लागतो, आणि त्या मिनिटात शिकंजा शोधावयास वेळ नसतो.

अर्धा तास वाफविल्यावर तुकडा काढावा, मध्यभागी साच्याला आवळावा आणि दोन्ही टोके एकदम, न थांबता, न हिसकता साच्याशी आणावीत. नंतर शिकंजे लावावेत. दोन माणसे असल्यास काम नीट होते.

पट्ट्यासह

हे साधल्यावर २० मिलिमीटर जाडीच्या अर्धवर्तुळाकडे वळावे. दांड्याइतकी रुंद, सुमारे एक मिलिमीटर जाड पोलादी पट्टी घेऊन तिच्या दोन्ही टोकांशी कठीण लाकडाचे ठोकळे बोल्टने बसवावेत. खिळे येथे उपटून येतात. दोन ठोकळ्यांमधील अंतर दांड्याच्या लांबीशी तंतोतंत जुळले पाहिजे. दांडा सैल बसला तर ती फट भरेपर्यंत पट्टा कामच करीत नाही. ६९१ मिलिमीटरांचे दोन टक्के म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर. त्यातले पाच-सहा फटीतच गेले, तर पुढे काय उरते? दांड्याची टोके गुण्यात काटकोनात कापावीत. ओढताना ठोकळे मागे उलटू पाहतात; म्हणून पट्ट्याच्या टोकांशी लांब दांडे बांधून त्यांनीच ओढावे, म्हणजे ठोकळेही उलटत नाहीत आणि हातालाही जोर मिळतो.

ओल्या लाकडातील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात. पट्ट्याला जस्ताचा मुलामा असावा, किंवा मध्ये जाड कागद घालावा. पुढे रंध्याने डाग निघतो, पण नेहमीच पुरता नाही. आतल्या बाजूस बारीक सुरकुत्या उमटल्या तर घाबरू नये. दाबाने लाकूड तेथे आखडले आहे. बाहेर ढलपी उचलली तर मात्र तो तुकडा गेला असे समजावे.

वाकविलेला तुकडा पुरता निवेपर्यंत साच्यावरून काढू नये. निवल्यावर दोन्ही टोकांमध्ये आडवी पट्टी ठोकून वळण जखडावे आणि तो सावलीत, वाऱ्यावर आठ-दहा दिवस टांगून ठेवावा. कारखान्यांत हेच काम उष्ण हवेच्या खोलीत लवकर होते. घरी घाई करून उन्हात ठेविल्यास टोके चिरतात. सुकण्यापूर्वी आडवी पट्टी काढली, तर वळण रात्रीतून बरेच उघडते.

सुकल्यानंतरही ते थोडे उलगडतेच. म्हणून आडवी पट्टी काढण्यापूर्वी आणि काढल्यावर दुसऱ्या दिवशी टोकांमधील अंतर मोजून साच्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. त्याच लाकडाचा पुढचा साचा तेवढ्या मानाने घट्ट कापता येतो.